खाटेला नमस्कार

दत्ताराम घाडीला कोणी विचारलं असतं, की बाबा रे, खाटेला रंग मारण्याआधी तू काय करतोस, तर तो म्हणाला असता, "काय करणार? तोंडाला मास्क लावतो." आणि आपण खरं तेच सांगतोय असं त्याला वाटलं असतं. माणूस खोटं बोलणाऱ्यातला नव्हताच. फक्त आपला हात काय करतो याची त्याला खबर नव्हती, आणि ती खबर एका यंत्राने येऊन द्यावी असा योग होता.

मुलुंडला जुन्या गाळ्यांची एक औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका शेडमध्ये हॉस्पिटलच्या खाटा तयार होतात. पुढे पाइप कापतात, मधे जोडतात, मागे रंग देतात. रंगाला ब्रश लागत नाही. खाटेचा सांगाडा छताजवळच्या सरकत्या साखळीला आकड्याने टांगायचा, गनने त्याच्यावर कोरडी पावडर उडवायची आणि तसाच भट्टीत जाऊ द्यायचा. भट्टीतून बाहेर येतो तो कसा, दुधाच्या सायीसारखा गुळगुळीत. ही गन दत्तारामच्या हातात ऐन तरुणपणी आली, ती डोक्यावरचे केस पांढरे होईपर्यंत सुटली नाही. पावडरीने पांढरे झाले की वयाने, असं पॅकिंगमधली शेवंती त्याला चिडवायची.

मग रोबो आला. एक लांबलचक नारिंगी हात, काचेच्या आडोशामागे जमिनीत पाय रोवून बसलेला. त्याच्याबरोबर आली संघमित्रा. गोवंडीहून येणारी इंजिनीअर पोरगी, केस वर बांधलेले, बोलणं फटाफट.

"काका, टेन्शन नाही घ्यायचं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "ह्याच्या मनगटाला ह्या दोन मुठी आहेत ना, त्या धरा आणि रोज मारता तसा रंग मारा. तुमचा हात जाईल तसा ह्याचा जाईल. हा सगळं लक्षात ठेवतो."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर ह्याचं पण चुकणार. जन्मभर."

"म्हणजे पोरासारखंच की."

"पोरं निदान उलटून बोलतात, काका!"

दत्ताराम हसला. मुठी धरल्या, मास्क चढवला, आणि समोर टांगलेल्या खाटेला रोजच्यासारखा रंग दिला. नारिंगी हात त्याच्या हाताबरोबर मुकाट फिरला. काम चोख झालं. संघमित्राने लॅपटॉपमधून मान वर न काढता अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी रोबो पहिल्यांदा एकट्याने चालायचा होता. मालक सुबोधसाहेब आले, पॅकिंगच्या बायका हातातलं सोडून आल्या. साखळी सरकली, खाट समोर आली. नारिंगी हात उचलला गेला, आणि रंग उडवायच्या आधी खाली झुकला. खाटेच्या उशाच्या पट्टीपाशी येऊन क्षणभर थांबला. मग हळूच मागे, आपल्याच अंगाकडे आला, माणसाच्या छातीपाशी यावा तसा. आणि तिथून कामाला लागला.

पुढची खाट आली. पुन्हा तेच. झुकला, थांबला, छातीपाशी आला.

"अगो बाये!" शेवंतीने तोंडावर हात ठेवला. "ह्यां तर पाया पडतां!"

संघमित्रा लॅपटॉपवर वाकली. "एक मिनिट, एक मिनिट. हे कुठून आलं? सर, काहीतरी बग असेल, मी काढते."

"बग नाय गं तो," दत्ताराम म्हणाला. त्याचे कान तापले होते. चारचौघांत धोतर सुटावं तसं त्याला झालं. "तो... माझाच हात आहे."

आता ह्याची कथा अशी. फार मागे, दत्तारामची बायको द्रौपदी आजारी पडली. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात तिला ठेवलं. दत्ताराम उशाशी बसला, आणि त्याचं लक्ष खाटेच्या पायथ्याच्या पत्र्याच्या पट्टीकडे गेलं. कंपनीचं नाव. म्हणजे ही खाट आपल्याच शेडमधली. हिला रंग आपण दिलाय. कधी दिला असेल, त्या वेळी कुठं ठाऊक होतं की हिच्यावर कोण निजणार आहे? दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पहिली खाट समोर आली तेव्हा त्याचा हात उशाच्या पट्टीपाशी थांबला. देवा पांडुरंगा, जो कोणी इथे डोकं टेकेल त्याला झोप लागू दे. एवढंच मनात म्हणून हात छातीला लावला, आणि मग गनचा खटका दाबला. पुढे द्रौपदी काही घरी आली नाही. नमस्कार मात्र हाताला लागला तो लागलाच.

हे सगळं त्याने चौघांत सांगितलं नाही. "सवय आहे," एवढंच म्हणाला.

"सॉलिड!" सुबोधसाहेबांनी टाळी वाजवली. बापाच्या जागी बसलेला तरुण मालक, मनाने वाईट नाही, पण नवीन काही दिसलं की आधी मोबाइल काढणारा. "हे काढायचं नाही हं, संघमित्रा. आपला रोबो आधी नमस्कार करतो, मग काम. आहे का दुसऱ्या कोणाकडे?"

"सर, पण दर खाटेमागे वेळ जातो ना. दिवसाच्या शेवटी कमी माल निघणार."

"निघू दे. आणि काका, तुम्ही दिवाळीनंतर घरी बसणार होता ना? ते कॅन्सल. पाहुणे आले की ह्याच्या शेजारी उभं राहायचं. बस, दुसरं काही काम नाही. नवी टोपी देतो तुम्हाला."

दत्तारामच्या छातीवरचा धोंडा उतरला. कारण दिवाळीनंतरच्या दिवसांचा विचार तो मनात येऊच द्यायचा नाही. भांडुपच्या टेकडीवर त्याची एक खोली. मुलगी निधी नाशिकला दिलेली; रविवारी फोन करायची, तोही "बाबा, जेवलात ना? औषध घेतलंत ना? बरं ठेवते" असा पायात चपला घालून केल्यासारखा. घरात बोलायला भिंती. कुकरची शिट्टी झाली तरी कोणीतरी आलं असं वाटायचं.

शेडमध्येही आता पूर्वीचं काही राहिलं नव्हतं. रंगाच्या भागात आधी तिघं होते. उलट्या खोक्याभोवती बसून डबे उघडायचे. एकाचं सुकट, एकाची वांग्याची भाजी, कोणाचं काय उष्टं कोणी खाल्लं याचा पत्ता नसायचा. रोबो आल्यावर बाकीच्या दोघांना वसईच्या कारखान्यात धाडलं. खोकं तिथेच होतं. दत्ताराम त्याच्या एका बाजूला बसायचा आणि बाकीच्या तीन बाजू मोकळ्या. तरी पण साखळीचा घरघराट होता, शेवंतीची चहाची हाक होती, संघमित्राचं "काका, जेवलात?" होतं. ते सुटलं की मग काय? म्हणून साहेबांचा शब्द त्याने प्रसादासारखा घेतला. नमस्कार राहिला, तर आपण राहिलो.

पुढचे काही आठवडे बरे गेले. शेवंतीने रोबोचा व्हिडिओ नात्यागोत्यात फिरवला. कणकवलीहून कोणीतरी विचारलं, देवाचं नाव काय ठेवलंय त्याचं? दत्तारामलाही गंमत वाटायची. तो काचेबाहेर स्टुलावर बसून बघत राहायचा. आपलाच हात, आपल्याशिवाय फिरतोय. कधी कधी त्याला वाटायचं, मी उद्या नसलो तरी हा माझा नमस्कार चालू राहील. एकट्या माणसाला एवढं पुष्कळ होतं.

मग पाहुणे आले. कुठल्याशा नव्या मोठ्या हॉस्पिटलची खरेदीची मंडळी. एकादशीचा दिवस होता, संध्याकाळी भांडुपच्या विठ्ठलमंदिरात कीर्तन, म्हणून दत्ताराम सकाळपासूनच खुशीत. नवी टोपी घालून तो रोबोच्या काचेशेजारी उभा राहिला.

"आमच्याकडे ऑपरेशनला रोबो आहे," त्यांतले एक डॉक्टर हसत म्हणाले. "गुडघे बदलतो, झकास काम करतो. पण तुमच्यासारखा संस्कारी नाही हो!"

सगळे हसले. सुबोधसाहेब फुलले. "संघमित्रा, दाखव. पण रंग नको उडवू, ह्यांच्या कपड्यांवर पावडर बसेल. नुसता नमस्कार दाखव."

"सर, साखळीवर खाट नाहीये आत्ता. बॅच पुढे गेली."

"अगं मग काय झालं? खाट कशाला हवी त्याला?"

संघमित्राने एकदा दत्तारामकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

समोर मोकळा आकडा लोंबत होता. नारिंगी हात उचलला गेला. झुकला. जिथे उशाची पट्टी असायची तिथे, हवेत, थांबला. मागे आला. छातीशी लावल्यासारखा झाला.

टाळ्या पडल्या. "वन्स मोअर!" कोणीतरी ओरडलं. पुन्हा बटण. पुन्हा हात झुकला. एक बाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे फोटोत नमस्कार त्यांना केल्यासारखा दिसावा. मग दुसऱ्यांना तसाच फोटो हवा झाला. रोबो वाकत होता, सरळ होत होता, वाकत होता. कंटाळा नाही, उबग नाही. आकडा रिकामा आहे की भरलेला, त्याला काय त्याचं?

दत्ताराम हसायचं म्हणून हसला आणि तसाच तोंड उघडं ठेवून राहिला. समोर खाट नाही. खाटेवर निजणारा नाही. त्याच्या उशाशी बसलेलं, हातात मोसंबी घेऊन डॉक्टर कधी येतो बघणारं कोणी नाही. मग हा नमस्कार कोणाला?

आणि मग त्याच्या मनात जे आलं ते येऊ नये म्हणून त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, पण आलंच. आपण तरी शेवटचं कधी म्हटलं, देवा, ह्याला झोप लागू दे? पहिल्या दिवशी म्हटलं, ते पक्कं आठवतं. द्रौपदी होती तोवर म्हटलं. ती गेल्यावर काही दिवस म्हटलं. पुढे? किती खाटा गेल्या ह्या हाताखालून. कोणी त्यांच्यावर बरे होऊन उठले असतील, कोणी उठलेच नसतील. प्रत्येकीच्या उशाशी हात टेकला होता, आणि मनात काय होतं? आज भाजी कुठली आणायची. पाणी गेलं असेल का. लाज अशी वाटली त्याला, की रोबोकडे बघवेना. पोर बापाचीच चाल चालत होतं.

संध्याकाळी तो मंदिरात गेला तो एकच गोष्ट मनात धरून. बुवांना विचारायचं. बुवांचं कीर्तन दत्ताराम कधी चुकवायचा नाही. पेटीचा पहिला सूर लागला, झांज वाजली, बुवांनी उपरणं सावरून देवाला दंडवत घातलं की त्याला वाटायचं, आपण कोणाच्या तरी घरी आलो. पूर्वरंग झाला, बुवांना हार-बुक्का झाला, नामाचा गजर झाला. आख्यान सुदाम्याचं होतं. बुवांनी पोह्यांची पुरचुंडी अशी उलगडली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दत्तारामचं मात्र चित्त लागलं नाही. एरवी त्याच्या डोळ्याला धार लागायची, आज तो वाट बघत बसला.

आरती झाली. बुवांना लगेच डोंबिवलीला दुसरं कीर्तन होतं. रिक्षा दारात उभी. दत्ताराम गर्दीतून वाट काढत गेला.

"बुवा, एक विचारायचं होतं."

"बोला, बोला घाडी." एक पाय चपलेत.

"मनात काही नसताना हात नुसते आपले जोडले गेले... तर तो नमस्कार देवाला पोचतो का हो?"

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दयाळू माणूस, पण घाईतला. "पोचतो हो, पोचतो! देव काय हिशेब ठेवतो? पुढच्या एकादशीला निवांत बोलू." आणि ते रिक्षात बसले.

दत्ताराम पायऱ्यांवर सरळ झाला. सरळ झाला म्हणजे त्याआधी वाकला होता, हे त्याला तेव्हा कळलं. बुवांच्या पायाला हात लागला की नाही, विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. कपाळावर हात मात्र टेकून आला होता.

मंदिरातली माणसं जोडीजोडीने उतरून गेली. कोणी कोणाला म्हणत होतं, उद्या ये हां घरी. तो एकटाच टेकडी चढला.

सकाळी शेडमध्ये आल्या आल्या तो संघमित्रापाशी गेला.

"पोरी, तो नमस्कार काढून टाक त्याच्यातला."

"काय?" तिने कानातला इअरफोन काढला. "काका, तो काढला तर सर तुम्हाला ठेवणार नाहीत. कळतंय ना तुम्हाला? तुम्ही त्याच्यासाठीच आहात इथे."

"कळतंय गं."

"मग?"

दत्तारामला नीट सांगता येईना. कीर्तन ऐकणारा माणूस, करणारा नव्हे. "त्या बिचाऱ्याला ठाऊक नाय, आपण कोणाला नमस्कार करतो ते."

"मशीन आहे ते, काका."

"त्याचं सोड. मला तरी कुठं ठाऊक होतं?"

संघमित्राने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आमच्या घरी देवबिव नाहीत. पण माझी आजी भाकऱ्या करायला बसली की आधी परातीला हात लावून कपाळाला लावायची. मी विचारायचे, कशाला गं? तर म्हणायची, गप बस, भूक लागलीय ना तुला?" ती उठली. "नुसता मधला तुकडा कापला तर हात तिथे अडखळतो. सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. चालेल?"

"चालेल."

त्याने मुठी धरल्या. खाट समोर आली. आणि हात उशाच्या पट्टीकडे गेला.

"काका!"

"अरे देवा. परत."

पुन्हा मुठी धरल्या. पुन्हा हात गेला. तिसऱ्यांदा त्याने दात-ओठ आवळून हात सरळ नेला, तर निम्म्या वाटेत तो आपसूक खाली झुकलाच. संघमित्रा आधी हसली. शेवंती डोकावली, "मेल्या, दारू पिऊन आलंस काय?" म्हणून गेली. मग आणखी बऱ्याच खेपा तसंच झालं आणि संघमित्राचं हसणं थांबलं. दत्तारामच्या कपाळावर घाम आला होता आणि तो आपल्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत होता.

"राहू द्या ना, काका. आपण उद्या बघू."

"थांब जरा. साखळी बंद ठेव."

त्याने मुठी सोडल्या. मास्क खाली केला. हातमोजे काढून बाकावर ठेवले, आणि पायी चालत खाटेजवळ गेला. रंग न लागलेलं लोखंड, गार. उशाच्या पट्टीवर त्याने उघडा तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

पहिल्यांदा काहीच आलं नाही. भट्टीची ऊब, कुठे तरी पाइप कापल्याचा आवाज. मग द्रौपदी आली. ती येणारच होती. त्याने तिला येऊ दिलं, बसू दिलं. ती गेली, तेव्हा जागा मोकळी झाली, आणि तिथे कोण आहे ते त्याला दिसेना. बाई की पुरुष, म्हातारं की लेकरू, जात कुठली, गाव कुठलं. अजून जे आजारीसुद्धा पडलेलं नाही, अजून घरात हसतखेळत असेल, असं कोणीतरी. देवा पांडुरंगा, मला ह्याचं नाव ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. त्याला झोप लागू दे.

तो इतका वेळ उभा राहिला की संघमित्रा खुर्चीवरून अर्धी उठली. मग त्याने हात छातीला लावला आणि वळला.

"हं. कर चालू."

मुठी धरल्या. हात सरळ खाटेकडे गेला आणि कामाला लागला. वाटेत कुठे झुकला नाही. त्याला आता काही मागायचं उरलं नव्हतं.

दुपारपर्यंत सुबोधसाहेबांच्या कानावर गेलं. ते आले, चार-पाच खाटा होईपर्यंत काचेपाशी उभे राहिले. रोबो सरळ येत होता, रंग देत होता, सरळ जात होता. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काका," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपणा होता, "घरी जायची एवढी घाई झाली होती तर मला सांगायचं ना. मी काय तुम्हाला अडवून धरलं होतं?"

संघमित्रा काही बोलायला गेली. दत्तारामने तिला डोळ्यानेच नको म्हटलं. काय सांगणार होती ती? आणि ते ऐकून कोणाला काय उमगणार होतं?

"थकलो आता, साहेब," तो म्हणाला.

शनिवारी शाल-नारळ झाला. शेवंती रडली, आणि रडता रडता त्याच्या शालीचं कापड बोटांत चोळून "बरी दिली हां" म्हणाली. संघमित्राने वाकून नमस्कार केला नाही. हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग साखळी सुरू झाली, आणि जो तो आपापल्या जागी गेला.

सोमवारी दत्ताराम घरीच होता. सकाळ कशीबशी ढकलली. दुपार झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपलं घर दुपारी कसं असतं हे आपण कधी पाहिलेलंच नाही. चाळ अगदी चिडीचूप. पुरुष कामाला, पोरं शाळेत, बायका पंख्याखाली आडव्या झालेल्या. फळीवरच्या डब्यांवर ऊन आलं होतं आणि ते तिथे रोज येत असणार, कोणी बघणारं नसताना. तो पाणी प्यायला. भांडं विसळून पालथं घातलं. भांडं ठेवल्याचा आवाज खोलीत केवढा तरी झाला.

मग तो देव्हाऱ्यासमोर जाऊन बसला. हात सवयीने एकमेकांकडे निघाले. ते त्याने वाटेतच थांबवले आणि गुडघ्यांवर परत ठेवले. आधी मन येऊ दे, मग हात.

मन यायला बराच वेळ लागला. पण त्याला आता घाई कुठे होती?